चिनी कारखानदार जे बोलला ते मी लिहिलं नाही

मी तेव्हा ह्यूस्टनजवळच्या एका कंपनीत स्ट्रॅटेजी विभागात होते. कंपनी तेलाच्या आणि गॅसच्या पाइपलाइनीवर बसणारे मोठे व्हॉल्व्ह बनवायची. माझं काम खुर्चीतलं. बाजारात कोण आहे, कोणाचं काय चाललंय, आपल्या गिऱ्हाइकांवर कोणाचा डोळा आहे, हे शोधायचं, त्याचे तक्ते करायचे आणि दर तिमाहीला वरच्या सात-आठ लोकांना दाखवायचे. इंजिनिअरिंग नागपूरला केलं, एमबीए इथे. अख्खा उद्योग एका पानावर बसवून दाखवण्याची मला हौस होती. लोक त्या पानाचं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

एकदा माझ्या बॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. सज्जन माणूस, ह्यूस्टनमध्येच वाढलेला, कधी आवाज चढवायचा नाही.

"चिनी कंपन्या आपल्या सेगमेंटमध्ये उतरतील का, यावर एक रिपोर्ट कर," तो म्हणाला. "त्यांच्याशी प्रत्यक्ष बोल. ते कसा विचार करतात ते बघ." मी उठले तेव्हा हसून म्हणाला, "खरं सांगू? मला नाही वाटत उतरतील."

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि मनात नीट जपून ठेवलं. बाकीचं काम त्यानंतरचं.

त्या महिन्यात ह्यूस्टनला मोठं औद्योगिक प्रदर्शन होतं. चिनी कारखानदार दरवर्षी यायचे आणि हॉलच्या पार टोकाला, स्वच्छतागृहांच्या बाजूला, लहान लहान स्टॉल घेऊन बसायचे. मला चिनी येत नाही. आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये एक चिनी बाई होत्या, साठीच्या आसपासच्या. व्हॉल्व्हमध्ये दाबाने पाणी भरून तो कुठे गळतो का ते बघायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं अमेरिकेत राहिलेल्या. त्यांचं इंग्लिश व्याकरणाने चोख होतं, उच्चार मात्र जड. मीटिंगमध्ये त्या बोलायला लागल्या की दोन-तीन लोक हळूच फोनकडे बघायला लागायचे. मी त्यांना विचारलं, माझ्यासोबत याल का, दुभाषी म्हणून. त्यांनी आधी त्यांच्या मॅनेजरची परवानगी काढली आणि मग हो म्हणाल्या.

पहिल्या दिवशी आम्ही दोघांना भेटलो. एक तरुण, इथेच शिकलेला. त्याला दुभाषी लागलाच नाही. मी त्याला माझा एका पानावरचा तक्ता दाखवला. त्याने तो दोन्ही हातांत धरून बघितला, अदबीने परत दिला आणि म्हणाला, "यात आज जे व्हॉल्व्ह बनवतात तेच आहेत. मला भीती आहे ती आज दुसरंच काहीतरी बनवणाऱ्याची." दुसरा एका सरकारी कंपनीतला मॅनेजर. तो म्हणाला, आम्ही आधी सरकारचा आराखडा वाचतो, सरकारला पुढे काय हवंय ते बघतो. स्पर्धकाचा विचार त्यानंतर. दोन्ही मी टिपून घेतलं. दोन्हींत मला फारसं काही वाटलं नाही.

तिसरा म्हातारा. सत्तरीचा असेल. काळ्या रंगाचं साधं जाकीट, आणि उजव्या हाताचं एक बोट पेरापासून गेलेलं. त्याच्या स्टॉलवर एकच व्हॉल्व्ह मधोमध कापून ठेवला होता, आतलं सगळं दिसेल असा. मी कार्ड दिलं. कंपनीचं नाव वाचून तो बाईंना काहीतरी म्हणाला. बाई हसल्या. "ते म्हणतायत, तुमच्या कंपनीचा व्हॉल्व्ह त्यांनी वीस वर्षांपूर्वी असाच कापला होता. फार चांगला होता."

त्याने आम्हाला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. ह्यूस्टनच्याच बेलेअर भागातल्या एका नूडल्सच्या हॉटेलात आम्ही दोन तास बसलो. बाईंनी स्वतःची एक छोटी वही आणली होती. तो बोलायचा, त्या लिहायच्या. एखादा शब्द अडला तर त्याला थांबवायच्या, पुन्हा विचारायच्या, आणि मग मला सांगायच्या. एका शब्दावर दोघं पाच मिनिटं बोलत होते. मी नूडल्स खात होते.

मी विचारलं, "तुम्ही उद्योगाचा अभ्यास कसा करता? तुमच्याकडे विभाग आहे?"

"आता आहे," तो म्हणाला. "मुलीने काढलाय. पण मी शिकलो सायकलवर. आमच्या गावात एका रस्त्यावर तीसेक वर्कशॉप होती, सगळी एकच माल करायची. मी पहाटे सायकलवरून त्या रस्त्याने जायचो आणि प्रत्येकाच्या फाटकाबाहेरचा ढीग बघायचो."

"कसला ढीग?"

"लेथमधून निघतो तो धातूचा चुरा. पिवळा असला तर पितळ. पावसात भिजून तांबूस झाला तर साधं पोलाद. चकचकीतच राहिला तर स्टेनलेस. स्टेनलेसचा ढीग अचानक वाढला की समजायचं, याला केमिकलच्या कारखान्याची ऑर्डर मिळाली. मग मी त्या गिऱ्हाइकाकडे जायचो. शेजाऱ्याची ऑर्डर पळवायला नव्हे. त्याने काय कबूल केलंय आणि काय त्याला जमणार नाही, ते विचारायला." मग त्याने मलाच विचारलं, "तुमच्या स्पर्धकाच्या फाटकाबाहेर काय पडलेलं असतं?"

मी हसले. मला वाटलं तो गंमत करतोय. तो हसत नव्हता. तो उत्तराची वाट बघत होता आणि बाईही माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्ही शेवटच्या गिऱ्हाइकाला कधी भेटलात?" त्याने पुढे विचारलं.

दोन वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाकडे गेले नव्हते. ह्यूस्टनलगतच्या शुगर लँडमध्ये मी राहते, तिथल्या माझ्या गल्लीत दर तिसरा माणूस कुठल्यातरी रिफायनरीत नाहीतर पाइपलाइन कंपनीत काम करतो. गणपतीला आमच्या घरी येणाऱ्यांतच चारजण असे होते की ज्यांच्या कंपन्या आमचे व्हॉल्व्ह वापरत होत्या. मी म्हटलं, "ते सेल्सचं काम आहे."

बाईंनी ते भाषांतर करून सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली, आणि मग तो बराच वेळ सलग बोलला. बाईंनी वहीतून बघत बघत मला सांगितलं.

"ते म्हणतायत, ते स्पर्धकाकडे फार वेळ बघत नाहीत. दिवसभर त्याच्याकडेच बघत बसलं तर आपण त्याच्यासारखे होतो, तेही उशिरा. ते गिऱ्हाईक कुठे थांबून राहतंय ते बघतात. ऑर्डर दिल्यापासून तुमचा व्हॉल्व्ह हातात यायला सव्वीस आठवडे लागतात. पाइपलाइनवाले सहा महिने थांबतात आणि रोज तुम्हाला शिव्या घालतात. हे त्यांनी इथल्या मेंटेनन्सच्या माणसांबरोबर डबा खाताना ऐकलंय. त्यांना तुमच्यापेक्षा चांगला व्हॉल्व्ह बनवायचा नाहीये. तुमच्याइतकाच चांगला बनवायचा आहे आणि आठ आठवड्यांत द्यायचा आहे. दोन वर्षं लागतील."

मी न राहवून विचारलं, "हे तुम्ही मला का सांगताय?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. त्याचं उत्तर माझ्या तोंडावर सांगणं बाईंच्या जिवावर आलं होतं.

"ते म्हणतायत, तुम्ही हे सगळं लिहून न्या. तुमची कंपनी तरीही काही करणार नाही."

त्या रविवारी मी नागपूरला बाबांना फोन केला. बाबा टर्नर होते, अख्खी नोकरी लेथवर उभं राहून केलेली. मी त्यांना गंमत म्हणून चुऱ्याच्या ढिगाची गोष्ट सांगितली.

"त्यात हसण्यासारखं काय आहे बाई?" बाबा म्हणाले. "आम्हीही तेच पाहत होतो. चुरा पाहिला की कळते पलीकडच्या शेडमध्ये काय चालू आहे ते. माणूस कामाचा दिसतो. त्याचं नीट ऐक."

म्हणजे मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. ज्याला कळतं त्याने मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

रिपोर्ट मी आठवड्याभरात लिहिला. चिनी कारखानदारांच्या विचारपद्धतीवर एक पान होतं. त्यात मी लिहिलं की ही मंडळी मुख्यतः किमतीवर स्पर्धा करतात, सरकारी धोरणावर अवलंबून आहेत, आणि उद्योगाचं शास्त्रीय विश्लेषण करण्याची क्षमता त्यांच्याकडे मर्यादित आहे. उदाहरण म्हणून एका चौकटीत लिहिलं की एक संस्थापक आजही स्पर्धकाच्या कचऱ्याच्या ढिगावरून अंदाज बांधतो. मीटिंगमध्ये त्या चौकटीवर सगळे हसले. हसू येईल अशाच जागी मी ती ठेवली होती. सव्वीस आठवड्यांची गोष्ट मी लिहिलीच नाही. ती गाळून टाक असं मला कोणी सांगितलं नव्हतं. ऑपरेशन्सचा प्रमुख समोर बसणार होता, त्याला ते झोंबलं असतं, आणि बॉसला जे ऐकायचं होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कॉलेजात असताना वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला बाहेरून आलेल्या परीक्षकाने यादीत माझं आडनाव वाचलं होतं, मग माझ्याकडे बघितलं होतं. दोन सोपे प्रश्न विचारून म्हणाला होता, "पुरे. तुम्हा लोकांना एवढंच येणार." मी लेथवर घडवलेला तुकडा, माझा जॉब, त्याने हातातही घेतला नाही. लेथवरचं काम मला त्या बॅचमध्ये सगळ्यांत चांगलं येत होतं, बाबांनी शिकवलेलं. तो माणूस मी कितीदा मनात आठवून त्याच्याशी भांडले आहे, आमच्या जयंतीच्या कार्यक्रमांत ती गोष्ट स्टेजवरून सांगितली आहे. आणि त्या म्हाताऱ्याचं पान लिहिताना तो परीक्षक मला एकदाही आठवला नाही.

बाईंनी रिपोर्टची प्रत मागितली. मी पाठवली. दोन दिवसांनी त्या माझ्या डेस्कपाशी आल्या, हातात ती छोटी वही.

"ते असं म्हणाले नव्हते," त्या म्हणाल्या.

"हा सारांश आहे," मी म्हटलं. "वरच्या लोकांना डिटेल नको असतं."

"आठ आठवडे हे डिटेल नाही."

"जागा नव्हती."

त्यांनी पानाकडे बघितलं. त्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा होता. मग वही घेऊन परत गेल्या.

दोन वर्षं पुरी झाली नव्हती, तेव्हा आमच्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर दुसरीकडे दिली. त्या म्हाताऱ्याच्या कंपनीला. तातडीची मीटिंग लागली. ऑपरेशन्सचा प्रमुख माझ्याकडे वळून म्हणाला, "याच माणसाला तू भेटली होतीस ना? दोन तास? तो डिलिव्हरीबद्दल काहीच बोलला नाही?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. बॉसही. मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"आमच्याकडे प्रोफेशनल दुभाषी नव्हता. लॅबमधूनच एकीला नेलं होतं. काही मुद्दे भाषांतरात सुटले असतील."

बाई त्या खोलीत नव्हत्या. आणि ते वाक्य सगळ्यांना इतकं सहज पटलं की मलाच आश्चर्य वाटलं. कोणी पुढे प्रश्न विचारला नाही. एकाने तर सहानुभूतीने मान हलवली. त्या बाईंचं बोलणं कळत नाही हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मी फक्त त्याचा उपयोग केला.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मीटिंगमध्ये सगळेच असं करतात यार. सोड." मी सोडून दिलं. म्हणजे तसं दाखवलं.

चार महिन्यांनी कंपनीने माणसं कमी केली. टेस्टिंग लॅबमधले तिघे गेले, त्यात त्या बाई. मी स्वतःला समजावलं की लॅब तशीही लहान होणार होती. त्यांच्या शेवटच्या दिवशी लॅबमध्ये केक कापला. मी गेले नाही, मुद्दाम एक कॉल लावून घेतला. पुढच्या वर्षी मीच दुसऱ्या कंपनीत गेले.

त्यानंतर दीडेक वर्षाने त्या मला आमच्याच शुगर लँडमध्ये एका आशियाई दुकानात दिसल्या. त्या दुधी निवडत होत्या. मला पळून जाता आलं असतं, माझी ट्रॉली रिकामीच होती. पण त्यांनी वर बघितलं आणि साधेपणाने हसल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्या माझ्या घरापासून दहा मिनिटांवर राहत होत्या. मी म्हटलं, "मी घरी येऊ का तुमच्याकडे?"

"कशाला?"

"थोडं बोलायचंय."

त्यांनी दुधी पिशवीत टाकला. "शनिवारी ये. सकाळी ये. नंतर ऊन फार होतं."

शनिवारी नऊ वाजताच अंग चिकट झालं होतं. त्यांनी मागच्या अंगणात वेल चढवले होते, शेंगांचे, कारल्याचे. त्या हातमोजे घालून काम करत राहिल्या, मी शेजारी उभी. मी ती मीटिंग सांगितली. मी काय म्हणाले तेही सांगितलं. मी रडणार नाही असं ठरवून गेले होते आणि रडले नाही; मला वाटलं होतं निदान एवढं तरी त्यांच्यासाठी करावं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. त्या वर्षी माझ्या रिव्ह्यूमध्ये लिहून आलं, कम्युनिकेशन कमकुवत आहे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी मॅनेजरला विचारलं, उदाहरण द्या. तो म्हणाला, वरून आलंय. मी विचार केला, वरच्या लोकांशी माझं कधी बोलणं झालं? एकदाच. तुझ्या तोंडून."



"मी चुकले," मी म्हटलं. "मी पत्र लिहिते. त्या मीटिंगमध्ये होते त्या सगळ्यांना. तुमचं भाषांतर बरोबर होतं असं लिहिते."

"लिही," त्या म्हणाल्या. "माझी नोकरी परत येणार नाही आणि मला ती नकोही आहे. पण लिही. आणि मला पाठव." त्यांनी मला माफ केलं की नाही, ते बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. निघताना त्यांनी चहा विचारला नाही. फाटकापर्यंत मात्र आल्या.

पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. आधीच्या मसुद्यांत मी नकळत स्वतःची बाजू मांडत होते, ताण होता, वेळ कमी होता, असं काहीबाही. ते सगळं काढून टाकल्यावर पत्र अर्ध्या पानाचं उरलं. जुन्या बॉससकट सहाजणांना पाठवलं. एकाचं उत्तर आलं, "कळवल्याबद्दल आभार." बॉसने फोन केला. तो आता निवृत्त झाला होता. "अगं, हे सगळं जुनं झालं," तो म्हणाला, "तू कशाला त्रास करून घेतेस?" तो मनापासून बोलत होता. मी म्हटलं, त्रास मी दुसऱ्याला दिला होता. त्यावर तो म्हणाला, लॅबची यादी फक्त त्या एका गोष्टीवरून झाली नव्हती. त्यातला "फक्त" हा शब्द मी ऐकला; म्हणजे त्या गोष्टीवरूनही झाली होती.

बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं: "वाचलं. बरोबर आहे."

मागच्या एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाआधी आमच्या मंडळाने नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी करिअरवर एक बैठक ठेवली होती. दहा-बाराजण, बहुतेक विदर्भातले, मास्टर्सला आलेले. एका मुलीने विचारलं, "मावशी, चिनी कंपन्या स्ट्रॅटेजीचा विचार खरंच वेगळा करतात का? आमच्या कोर्सला त्यावर प्रेझेंटेशन आहे."

मी त्यांना म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. एक माणूस म्हणजे सगळे चिनी कारखानदार नव्हेत, हेही सांगितलं. त्या तरुणाचं सांगितलं, सरकारी मॅनेजरचं सांगितलं. सायकल, चुऱ्याचा ढीग, गिऱ्हाईक कुठे थांबतंय ते बघणं. बाबा काय म्हणाले ते सांगितलं तेव्हा सगळे खुश होऊन हसले. मुलं मन लावून ऐकत होती. मला बोलायला छान वाटत होतं.

"मग तुमच्या कंपनीने ऐकलं का त्याचं?" त्या मुलीने विचारलं.

"नाही ऐकलं," मी म्हटलं.

"बघा ना," ती शेजारणीला म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं.

कंपनीपर्यंत ते पोचलंच नव्हतं, हे मी बोलले नाही. लॅबमधल्या बाईंचाही उल्लेख केला नाही. माझ्या गोष्टीत म्हातारा जणू माझ्याशीच थेट बोलत होता. पुढचा प्रश्न रेझ्युमेबद्दल आला आणि मी त्याचं उत्तर द्यायला लागले.